पहूरहून जालन्यास

वाघूर नदीच्या कांठचें आमचें पहूर हें अजिंठ्याच्या वाटेवरील गांव. येथें उतरणारा प्रवासी बहुधा लेण्यांकडे निघालेला असतो. त्यापलीकडे घाट चढून जावयाचें तें पोटासाठीं. आमचा एक जुना विद्यार्थी असाच जालन्यास पोलादाच्या भट्टीवर गेला, त्यास बरींच वर्षें झालीं. गेल्या माघांत त्याची आई आमच्या ओसरीवर येऊन म्हणाली, “गुरुजी, त्याला खोकला लागलाय म्हणे. तुमचा शब्द तो मोडणार नाहीं. एवढा घरीं घेऊन या त्याला.” त्या माउलीस नाहीं म्हणवेना. फर्दापूर, अजिंठ्याचा घाट, सिल्लोड, भोकरदन अशा मार्गानें आम्ही दुसऱ्याच दिवशीं जालन्यास पोहोंचलों.

जालन्याचें नांव बियाण्यांसाठीं जसें, तसेंच आतां घरबांधणीच्या सळयांसाठींही झालें आहे. भंगार व स्पंज आयर्न विजेच्या भट्टींत वितळवून तेथें सळया लाटतात. आम्ही गेलों त्या दिवशीं एका भट्टीचें अस्तर नव्यानें भरलें जात होतें. बाहेर तांब्याच्या पोकळ नळीचें वेटोळें, तींतून खेळणारें पाणी; मध्यें पोलादी पत्र्याचें पिंप; आणि दोहोंमधल्या फटींत गारेची कोरडी पूड, थोडें बोरिक आम्ल मिसळून, थराथरानें ठासलेली. पहिल्याच तापांत पिंप वितळून जातें व गारेचा आंतला थर भाजून दगड बनतो. मागचा थर मात्र मुद्दाम मोकळाच राहूं देतात, कारण आंतून आलेली भेग त्या पुडींत अडते.

हें पाहून आम्हांस ‘रसरत्नसमुच्चय’ आठवला. त्या ग्रंथांत मुशींचे कितीतरी प्रकार सांगितले आहेत. वज्रमूषेच्या मातींत शण, घोड्याची लीद, जळलेला तूस कालवावयास सांगितलें आहे. आपली ‘मूस’ ही त्या ‘मूषा’ शब्दाचीच लेक. भाताच्या तुसाची राख आजही वितळलेल्या पोलादावर पसरतात, कीं त्याची ऊब जाऊं नये.

“पण गुरुजी, भट्टी आपलें अस्तर आपणच खाते,” विद्यार्थी म्हणाला, आणि शाळेंत रसायनाच्या तासाला डुलक्या घेणाऱ्या त्या मुलानें आम्हांस पाठ दिला. गंजलेलें भंगार पडलें कीं गंज आणि गार एक होतात, व त्यांचें जें किट्ट बनतें तें पोलादाच्या मानानें फारच कमी उष्णतेंत पातळ होऊन वाहूं लागतें. पोलादांतलें मॅंगनीज गारेंतला प्राणवायु ओढून घेतें. ताप प्रमाणाबाहेर गेला कीं कोळसाही तेंच करतो. शिवाय विजेच्या जोरानें पोलाद सारखें घुसळत असतें, तें भिंत घासतें. आणि चुना पडला तर पाहावयासच नको. गार आम्लधर्मी, चुना अल्कधर्मी.

या शेवटल्या वैरावर एकानें उपाय शोधला होता. बेसेमरची पोलादाची कृति १८५६ सालीं प्रसिद्ध झाली, परंतु गारेच्या अस्तरांत चुना घालतां येईना, म्हणून पोलादास ठिसूळ करणारा स्फुरद निघेना. सिडने गिलख्रिस्ट टॉमस हा थोडे दिवस शाळामास्तर, मग पोलीस कोर्टांतला कारकून. त्यानें आपल्या रसायनज्ञ मामेभावाच्या साह्यानें डोलोमाइटचें अल्कधर्मी अस्तर केलें आणि १८७९ पर्यंत ती कृति सिद्धीस नेली. १८८५ सालीं तो अवघ्या चौतिसाव्या वर्षीं वारला. शाळामास्तर असल्यामुळें हें सांगतांना आम्हांस थोडा अभिमान वाटला, तो वाचकांनीं क्षमा करावा.

गारेचें अस्तर फार झिजलें आणि पोलाद त्या वेटोळ्यांतील पाण्यापर्यंत पोहोंचलें, तर क्षणांत वाफेचा स्फोट होतो. पूर्वींच्या एका कारखान्यांत वरिष्ठांनीं “आणखी एक ताप काढ” म्हटलें असतां यानें नकार दिला, व नोकरी गेली. तत्पूर्वीं अस्तर फोडून पाहिलें, तों एका ठिकाणीं तें बोटभरच उरलें होतें.

आम्ही मूळ गोष्टीकडे वळलों. गारेची बारीक धूळ फुप्फुसांत बसते, त्या रोगास सिलिकोसिस म्हणतात, आणि तो बरा करणारें औषध नाहीं. तोंडाला बांधलेला रुमाल त्या धुळीस अडवीत नाहीं. हें आम्हीं त्यास स्पष्ट सांगितलें आणि दुसऱ्या दिवशीं छातीचें क्ष-किरण चित्र काढविलें. डॉक्टर म्हणाले, अद्याप डाग नाहीं. परंतु यापुढें पूड ठासण्याचें काम नको.

“मग चल घरीं,” आम्ही म्हणालों.

“गुरुजी, हीं नवीं पोरें भिंत केव्हां फोडायची हें जाणत नाहींत. त्यांना सांगायला कोणी नको का? पूड ठासणार नाहीं, आणि त्यांनाही चांगल्या मुखवट्यावांचून ठासूं देणार नाहीं.”

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. पहुरास परतून आम्हीं त्याच्या आईस पाहिलेलें सर्व सांगितलें, धूळही लपविली नाहीं. ती बराच वेळ उगी बसली. मग तिनें एवढेंच विचारलें, “होळीला येतो म्हणाला का?”

“येतो म्हणाला,” आम्ही म्हणालों.