रहिमतपूरची पेठ आणि दूरचे गिऱ्हाईक

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या आगगाडीने कोरेगाव मागे टाकले, की थोड्याच वेळात रहिमतपूर येते. सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यात, कमंडलू नदीच्या काठी वसलेले हे जुने पेठेचे गाव. नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म येथलाच. परगावी गेल्यावर आधी तेथील जुन्या वास्तू पाहाव्या, मग पेठेतून हिंडून गावाचा उदरनिर्वाह कशावर चालतो हे समजून घ्यावे, अशी आमची फार दिवसांची रीत आहे. गेल्या उन्हाळ्यात एका स्नेह्यांकडे चार दिवस राहणे झाले, तेव्हा ही रीत आम्ही पाळली.

गावात विजापूरच्या आदिलशाहीतील सरदार रणदुल्लाखान याच्या नावाशी निगडित अशी मशीद व कबर आहे. महंमद आदिलशहाच्या कारकीर्दीत (१६२७ ते १६५६) कर्नाटकावर ज्या स्वाऱ्या झाल्या, त्यांतला हा मोठा सेनानी. शहाजीराजे त्या स्वाऱ्यांत त्याच्याबरोबर होते. मशिदीपासून जवळच एक उंच मनोरा असून त्यास लागून उतरण आहे. हत्तीकडून मोटेचे पाणी वर ओढवावे व त्या उंचीवरून ते मशिदीतील कारंज्यास न्यावे, अशी ही योजना होती. उंच चढविल्यावाचून पाणी दूर जात नाही, हे ती योजना करणारांस पक्के ठाऊक होते. परंतु नुसत्या मनोऱ्याने विहिरीस पाणी येत नाही, हेही तितकेच खरे. पुढे पेठेत जे पाहिले, त्यास हा दृष्टांत फार जुळला.

आमच्या स्नेह्यांच्या शेजारी एक एकत्र कुटुंब राहते. सासूबाई मेतकूट, सांडगे, कुरडया उत्तम करतात. पूर्वी हा माल गल्लीतल्या ओळखीवर खपत असे. आता धाकट्या सूनबाईंनी तो भ्रमणध्वनीवरून परगावी विकण्याचे मनावर घेतले आहे. त्यात हौस थोडी, गरज अधिक. धाकट्या चिरंजिवांस गावात बेताचेच काम मिळते. घरचा व्यवसाय वाढला नाही, तर दोघांस पुण्याची वाट धरावी लागणार आणि एका चुलीच्या दोन चुली होणार, ही चिंता सर्वांच्याच मनात होती.

थोरल्या यजमानांस मात्र हा प्रकार रुचेना. ते आम्हांस म्हणाले, “मास्तर, आपल्या ओसरीवरची गोष्ट अशी चव्हाट्यावर का मांडावी? चांगल्या मालास दवंडी कशाला हवी?”

सूनबाई नम्रपणे म्हणाल्या, “मामंजी, गल्लीतल्यांना आईंच्या हातची चव ठाऊक आहे. पुण्यामुंबईच्या लोकांना ती कोणी सांगायची?”

दोघांचेही म्हणणे आम्हांस विचारार्ह वाटले. म्हणून सूनबाई नेमके काय करतात, ते आम्ही बारकाईने पाहिले. व्हॉट्सॲपने छोट्या व्यापाऱ्यांकरिता २०१८ साली एक निराळी सोय काढली. तीत मालाची चित्रे व किमती मांडून ठेवता येतात. त्याखेरीज इन्स्टाग्रामवर त्या लहान चलचित्रे घालतात: गव्हाचा चीक शिजतो आहे, सोऱ्यातून कुरडई पडते आहे, गच्चीवर वाळवण पसरले आहे. चित्रांत सासूबाईंचे फक्त हात दिसतात. तेवढ्यावर घरात तडजोड झाली आहे.

आम्हांस विशेष मौज वाटली ती एका नियमाची. व्हॉट्सॲपवरून एकच निरोप पुष्कळांस एकदम धाडता येतो. पण ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या भ्रमणध्वनीत नोंदवून ठेवला असेल, त्यासच तो पोचतो. म्हणजे ज्याच्या वहीत आपले नाव नाही, त्याच्या दारी आपली दवंडी नाही. सूनबाई प्रत्येक पुड्यावर त्याकरिता एक चिठ्ठी चिकटवितात. तीवर जिन्नस केल्याची तारीख, किंमत, अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक, आणि आपला क्रमांक नोंदवून ठेवण्याची विनंती असते.

ज्यांस हे सारे नवे खूळ वाटते, त्यांनी ह्याच लोहमार्गाने थोडे दक्षिणेस जावे. कराडचे स्थानक ओगलेवाडीस आहे. ओगले बंधूंचा प्रभाकर कंदील एके काळी घरोघर होता. त्याच्याही पुढे किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावी सायकलींचे दुकान काढले आणि १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. परंतु लोखंडाने जमीन नासते, अशा समजुतीमुळे त्या नांगरास फार दिवस गिऱ्हाईक मिळेना, असे सांगतात. पुढे १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला. माल चांगला होता. अडचण होती ती लोकांच्या मनातील संशयाची.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. उद्देश कारखान्याच्या मालाची माहिती देण्याचा. परंतु वाचकास स्वतःच्या उपयोगाचे काही मिळाले तरच तो पुढचा अंक उघडतो, हे मर्म त्यांनी ओळखले. हळूहळू त्या पत्राचे सर्वांनी वाचावे असे मासिक झाले, आणि त्याच परिवारातून १९३० साली ‘स्त्री’ व १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. नांगराची बातमी सांगण्यास निघालेले पत्र मराठी घराघरांत शिरले, ते केवळ आत्मस्तुतीने खचित नव्हे.

तथापि एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. ‘खबर’ हे किर्लोस्करांचे स्वतःचे पत्र होते. आजचा दुकानदार मात्र परक्याच्या ओसरीवर माल मांडतो. त्या ओसरीचा धनी सातासमुद्रापार बसतो आणि कोणाचे चित्र कोणास दाखवावे हे तोच ठरवितो. जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा ज्यांची सारी ओळख तेथेच होती, त्यांची मांडामांड एका रात्रीत उठली. म्हणून गिऱ्हाइकांची नावे, पत्ते व आवडी आपल्या घरच्या वहीतही उतरून ठेवाव्या, असे आम्ही सुचविले. हे काम थोरल्या यजमानांनी आपण होऊन पत्करले. त्यांचे मोत्यासारखे अक्षर आता त्या वहीत पाहावयास मिळते.

दुसरी गोष्ट सत्याची. ह्याच तालुक्याच्या वाघ्या घेवड्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दाण्यावरील तांबड्या पट्ट्यांवरून त्यास हे नाव पडले. आता दुसरीकडचा घेवडा त्या नावाने विकणे, दुसऱ्याच्या मालाचे सुंदर चित्र आपले म्हणून लावणे, किंवा आप्तांकडून खोटी प्रशंसा लिहविणे, हे सर्व एकाच जातीचे असत्य होय. फसवणूक उलट बाजूनेही होते. पैसे घेताना आपला गुप्त अंक कधीही द्यावा लागत नाही. तो मागणारा गिऱ्हाईक नसून भामटा आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांसही शिकविले पाहिजे.

आम्ही निघालो त्या दिवशी एका बाईंची तक्रार आली होती, की सांडगे फार तिखट झाले. सूनबाईंनी ती सर्वांसमक्ष वाचली. सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांनी पुढच्या खेपेस मिरची कमी घालण्याचे ठरविले आणि मामंजींनी बाईंच्या नावापुढे तशी नोंद केली. ह्या व्यवसायाने धाकटे जोडपे गावीच राहील किंवा कसे, हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण तक्रार लपविली गेली नाही, ह्याचे आम्हांस समाधान वाटले. वाचकांपैकी कोणी त्या बाजूस गेल्यास त्यांनी मनोरा अवश्य पाहावा, आणि पेठेतून घरगुती जिनसाचा एखादा पुडा घेऊन तो कसा लागला हे करणारास प्रांजळपणे कळवावे.