राणीच्या गालावरचा रंग

आमच्या घरात राणीछाप रुपयांची दोन घराणी होती, एक देव्हाऱ्यातलं आणि एक माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यातलं. नाणं दोन्हीकडे तेच. एका बाजूला मुकुट घातलेली तरुण व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीच्या मधोमध ‘वन रुपी, इंडिया, 1862’. या सालाची एक गंमत आहे. 1862 पासून 1874 पर्यंत टांकसाळीतून निघालेल्या रुपयांवर साल 1862 हेच पडत राहिलं, त्यामुळे नुसतं साल वाचून नाण्याचं नेमकं वय कळत नाही. चांदी 91.7 टक्के आणि वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा.

देव्हाऱ्यातला रुपया वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला बाहेर यायचा. आजी चिमूटभर रांगोळी ओल्या फडक्यावर घेऊन तो घासायची. रांगोळी म्हणजे अखेर दगडाचीच पूड. काळा थर निघायचा आणि त्याच्याबरोबर थोडी चांदीही जायची. मी ते नाणं नीट पाहू लागलो तोवर राणीचा गाल सपाट झाला होता, केसांच्या बटा एकमेकींत मिसळल्या होत्या आणि मुकुटावरचे मणी पुसले गेले होते. पण ताम्हनात ठेवलं की ते असं लखलखायचं, की बाकीची पूजा त्याच्यापुढे फिकी वाटावी.

डब्यातले रुपये आजोबांनी अडीअडचणीसाठी ठेवलेले. वर्तमानपत्राच्या तुकड्यांत एकेक गुंडाळून ठेवले ते ठेवले, पुढे त्यांना कुणी हात लावला नाही. आजी गेल्यावर वाटणीच्या वेळी डबा खाली उतरला. एक पुडी सोडली तर आतला रुपया काठाशी गर्द निळा, त्याच्या आत जांभळट तांबूस, मग सोनेरी आणि मधोमध, राणीच्या गालावर, जुन्या चांदीचा पांढुरका उजेड. आत्या म्हणाली, “काळे पडलेत रे सगळे, सराफाकडून उजळून घ्या.” मी माझ्या वाटणीचे तसेच मागून घेतले. तेव्हापासून आत्याच्या लेखी मी थोडा वेडा आहे.

त्या रंगांचं कोडं मला पुढे रसायनशास्त्राच्या पुस्तकात उलगडलं. साध्या हवेतल्या प्राणवायूला चांदी दाद देत नाही, तिला बाधतं ते गंधक. ते हवेत थोडं असतं. रबरात, लोकरीत, अंड्यात आणि स्वस्त कागदातही असतं. त्यातून चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो. पावसाळ्यात ओल्या डांबरी रस्त्यावर पेट्रोल सांडलं की जे रंग दिसतात, तेच इथेही घडतं. पापुद्र्याच्या वरून आणि खालून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळून रंग दाखवतो. थर जाड होत जाईल तसे रंग क्रमाने येतात: आधी फिका पिवळा, मग सोनेरी, तांबूस जांभळा, निळा, आणि बऱ्याच काळाने काळा. आमच्या रुपयाला हवा काठाकडून लागत होती, म्हणून काठ निळा आणि मध्य पांढरा. नाणेसंग्राहक याला टोनिंग म्हणतात.

अमेरिकेत या रंगांचं मोठं वेड आहे. तिथले मॉर्गन डॉलर सरकारी तिजोऱ्यांत कापडी पिशव्यांमध्ये पडून राहिले. पिशवीच्या कापडाला चिकटलेल्या काही नाण्यांवर इंद्रधनुष्य उमटलं, कुठे कुठे कापडाची वीणसुद्धा. अशा नाण्यांना साध्या पांढऱ्या डॉलरच्या कितीतरी पट किंमत मिळते. आणि जिथे रंगाला पैसा आला तिथे रंगारीही आले. उकडलेल्या अंड्याबरोबर नाणं पिशवीत बंद करा, गंधकाच्या द्रावणात बुडवा, भट्टीत तापवा; तासाभरात निळं-जांभळं नाणं तयार. 1986 आणि 1987 मध्ये अनुक्रमे सुरू झालेल्या पीसीजीएस आणि एनजीसी या तिथल्या कंपन्या नाणं तपासून, दर्जा ठरवून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून देतात. रंगाची शंका आली तर त्या साधा दर्जा नाकारतात.

मग अस्सल आणि नकली ओळखायचं कसं? चांदीवरचा थर बऱ्याचदा दोन्हीकडे सिल्व्हर सल्फाइडचाच असतो, फरक काय तो काळाचा. म्हणून भिंगाखाली बघायचं ते क्रम. सावकाश आलेला रंग पायऱ्या चढत येतो, अक्षरांच्या आडोशाला थबकतो, आणि नाणं जरा कललं की त्याच्याखालून टांकसाळीची मूळ झळाळी फिरते. घाईचा रंग पिवळ्यावरून एकदम निळ्यावर उडी मारतो, डाग डाग पडतो. सगळ्यात मोठी खूण म्हणजे ओरखडे. रंगाच्या खाली एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसल्या तर समजावं, की आधी कुणीतरी नाणं घासलं आणि मग ते लपवायला वरून रंग चढवला.

इतकं सगळं शिकून मी एकदा माझा निळा रुपया एका विक्रेत्याला दाखवला. त्याने तो दिव्याखाली फिरवला आणि डोळे बारीक करून विचारलं, “कशावर भाजलाय?” वर्तमानपत्र आणि पत्र्याचा डबा ही हकिगत त्याने सभ्यपणे ऐकून घेतली. अशा हकिगती त्याने रोज ऐकल्या असणार. मला मनातून राग आला, पण त्याच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

साफसफाईचे सौम्य समजले जाणारे उपायही तपासून बघावेत. ॲल्युमिनियमचा कागद, सोडा आणि गरम पाणी हा घरोघरी माहीत असलेला प्रयोग थरातल्या सल्फाइडची पुन्हा चांदी करतो, पण झालेली चांदी पूर्वीच्या जागी, पूर्वीसारखी बसत नाही. बाजारातल्या ‘बुडवा आणि काढा’ द्रावणांचं तसंच. ठसा बसताना धातू जोराने पसरतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नव्या नाण्याची झळाळी त्या रेषांत असते. द्रावणात जास्त वेळ राहिलं की त्या विरघळतात आणि पांढरं पण मेलेलं नाणं हाती येतं. अपवाद फक्त प्लास्टिकच्या जुन्या अल्बमचा. पीव्हीसीच्या कप्प्यांतून नाण्याला हिरवट चिकटा धरतो, तो मात्र शुद्ध ॲसिटोनने धुवायलाच हवा. ॲसिटोन चांदीला काही करत नाही.

तांब्याची गोष्ट तर याहून वाईट. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं असलेल्या शिवराया जुन्या बाजारात चिंच-मिठाने घासून गुलाबी केलेल्या पाहिल्या की मी पुढे चालू लागतो. तो तपकिरी थर म्हणजे त्या नाण्याची कातडी असते.

तरी देव्हाऱ्यातल्या रुपयाबद्दल माझी तक्रार नाही. तो संग्रहाचा कधी नव्हताच. आता दर दिवाळीला माझी बायको तो घासते, मी रांगोळी आणून देतो. पूजेतलं नाणं हातांनी झिजावं यात मला काही वावगं वाटत नाही. वावगं वाटतं ते झीज झाकून वर निळाई फासण्यात. रंगासाठी जादा पैसे मागणाऱ्याकडून मी नाणं घेत नाही, तो रंग अस्सल असला तरी.

तुमच्या घरात असे काळे पडलेले रुपये असतील आणि ते विकायचे मनात असेल, तर कृपा करून नेण्याआधी घासू नका. सराफ चांदीचा भाव देतो तो वजनावर, काळ्या नाण्यालाही तेवढाच. आणि संग्राहक घासलेल्या नाण्याला त्याहून फारसा जास्त देत नाही.