कुंभार्लीच्या वाटेवरची खूण

आमच्या घराण्याचें कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. वडील होते तोंपर्यंत वर्षांतून एकदां तरी कऱ्हाडाहून त्याच्या दर्शनास जाण्याचा परिपाठ होता, आणि त्यांच्या मागें तो मोडूं नये म्हणून आम्ही भावंडें तो जपत आलों आहों. पूर्वीं हा प्रवास एस. टी.च्या लाल गाडीनें होई. घाट लागला कीं निम्मी गाडी देवाचें नांव घेई आणि निम्मी लिंबू हुंगत बसे. गेल्या मार्गशीर्षांत मात्र पुतण्याच्या मोटारींतून जाण्याचा योग आला. वडीलकीच्या मानानें पुढची जागा मला मिळाली. मागें वहिनी, सूनबाई आणि पुतण्याची कन्या. ही मुलगी पुण्यास कायद्याचा अभ्यास करते, त्यामुळें घरांतील कोणतेंहि बोलणें तिच्या कानांवरून गेल्यावांचून पुरें होत नाहीं.

कऱ्हाड सोडलें कीं कोयनेची सोबत सुरू होते. दुतर्फा उसाचे मळे, त्यांवर पांढुरके तुरे, आणि ऊस शिगोशीग भरलेले, मागें दिवा नसलेले ट्रॅक्टर. पाटण मागें पडल्यावर डोंगर दोन्ही बाजूंनीं जवळ सरकतात, भाताचीं कापलेलीं खाचरें दिसूं लागतात, आणि मध्येंच रस्त्याचा एक लांब सरळ पट्टा येतो. तेथें गाडीचा कांटा ८० च्या पुढें गेला होता. मीं तो पाहिला, आणि पाहूनहि कांहीं बोललों नाहीं, हें येथें नमूद करून ठेवतों.

इतक्यांत समोरून येणाऱ्या एका मालमोटारीचे दिवे दोनदां लागले आणि विझले. लख्ख ऊन पडलेलें असतां दिव्यांचें प्रयोजन काय, असा प्रश्न मला पडतो न पडतो तोंच पुतण्यानें पाय उचलला. "काका, पुढें पोलीस आहेत," तो म्हणाला. धूर पाहून अग्नीचें अनुमान करणारे नैयायिक याच्यापुढें मंद म्हणावयाचे! वळण ओलांडलें, तों खरोखरच एका मोठ्या वडाखालीं महामार्ग पोलिसांची गाडी उभी, आणि वेग मोजण्याचें यंत्र रस्त्याकडे रोखलेलें. हें यंत्र येणाऱ्या गाडीवर लहरी सोडतें. त्या गाडीवर आपटून परत येतांना त्यांच्या कंपनसंख्येंत जो फरक पडतो, त्यावरून वेग कळतो. आम्ही त्याच्यासमोरून वऱ्हाडाच्या बैलगाडीच्या सभ्यतेनें गेलों.

यानंतर पुतण्यानें जें केलें त्यावरून पुढचा सारा वाद निघाला. पोलीस दृष्टीआड होतांच त्यानें समोरून येणाऱ्या प्रत्येक वाहनाला तशीच खूण देण्यास आरंभ केला. एक टेंपो, दोन मालमोटारी, मग एक पांढरी मोटार. ती मोटार तर अक्षरशः उडत येत होती. खूण दिसतांच ती मंदावली आणि तिच्या चालकानें हात उंचावून आभार मानले. "ज्यानें आपल्याला वांचविलें त्याला गांठणें शक्य नाहीं," पुतण्या म्हणाला, "म्हणून पुढच्याला परत करावयाचें. रस्त्याचा धर्मच आहे हा."

"बाबा, तुम्हीं त्याला कशापासून वांचविलेंत?" मागून प्रश्न आला.

"दोन हजारांच्या दंडापासून!"

रक्कम कांहीं त्यानें वाढवून सांगितली नव्हती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८३ व्या कलमांत २०१९ च्या दुरुस्तीनें हलक्या वाहनाच्या अतिवेगाला १००० ते २००० रुपये दंड ठेवला आहे. पण मुलीचा रोख तिकडे नव्हता.

कोयनानगरला चहासाठीं उतरलों. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाचा धाक आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटेच्या भूकंपाची आठवण या गांवाला अजून चिकटून आहे. वहिनींनीं त्या पहांटे कऱ्हाडांतील त्यांच्या माहेरीं भांडीं कशीं खणखणलीं तें पुन्हां एकदां सांगितलें. तें संपल्यावर मुलीनें इंग्लंडांतील हकीकत काढली. मला ती नवीन होती, म्हणून जरा विस्तारानें देतों.

मोटारी नव्या होत्या तेव्हां इंग्लंडांत १९०३ च्या कायद्यानें वेगाची मर्यादा ताशीं २० मैल ठरली. पोलीस रस्त्याचा एक टप्पा मोजून त्याच्या दोन्ही टोकांस झुडपांत दडून बसत आणि घड्याळ लावून वेग काढीत. त्यावर उपाय म्हणून १९०५ सालीं मोटारवाल्यांनीं ऑटोमोबाइल असोसिएशन नांवाची संस्था काढली, आणि सायकलवरून हिंडणारे तिचे नोकर पोलीस कोठें दडले आहेत त्याचा इशारा सभासदांस देऊं लागले. प्रकरण न्यायालयांत गेलें. १९०७ च्या खटल्यांत नोकर सुटला, कारण ज्यांना इशारा दिला ते त्या वेळीं मर्यादेबाहेर जात होते असें सिद्ध झालें नव्हतें. पुढें १९१० च्या निवाड्यांत छापलेल्या दुसऱ्या खटल्यांत तें सिद्ध झालें, आणि इशारा देणें म्हणजे पोलिसांच्या कामांत अडथळा असा निर्णय झाला. त्यांत एका न्यायाधीशानें असा भेद केला कीं, माणसानें गुन्हा सोडावा म्हणून सावध करणें वेगळें, आणि पकडला जाण्याचें भय टळेपर्यंत त्यानें तो तहकूब ठेवावा म्हणून सावध करणें वेगळें.

संस्थाहि वस्तादच. तिचे नोकर सभासदांना सलाम करीत असत. यापुढें एखाद्यानें सलाम केला नाहीं, तर थांबून त्याचें कारण विचारा, असें तिनें सभासदांस कळविलें! न केलेल्या सलामाबद्दल कोणतें न्यायालय शिक्षा देणार? याच्या उलट, अमेरिकेंत मिझुरी राज्यांतील एका फेडरल न्यायालयानें २०१४ सालीं दिव्यांची खूण हें भाषणस्वातंत्र्यच मानून तिच्याबद्दल दंड करण्यास मनाई केली.

"म्हणजे माझीच बाजू खरी," पुतण्या म्हणाला. "आणि हेतूचें म्हणाल, तर माझ्या खुणेनें गाड्या हळू झाल्याच कीं नाहीं? पोलिसांना तरी दुसरें काय हवें असतें?"

"वडापर्यंत हळू झाल्या," ती म्हणाली. "पुढें?"

दोघांनीं माझ्याकडे पाहिलें. मास्तराला निवाडा करण्याची खोड असते; पण त्या दिवशीं मला बोलवेना, याचें कारण मीं त्यांना नंतर सांगितलें. येथेंहि सांगतों.

तीस वर्षांवर मीं खेड्यापाड्यांतून शिकविलें. तपासणीचे साहेब अवचित येत. ते आमच्या शाळेंत हजेरीपट उलटीत बसले, कीं एक चलाख मुलगा सायकलवर शेताच्या वाटेनें शेजारच्या गांवीं पिटाळावयाचा, हा आमच्या भागांतील मास्तरांचा अलिखित नियम होता. मींहि तो पाळला, आणि मोठ्या बंधुभावानें पाळला. शेजारच्या गांवीं एकशिक्षकी शाळा होती. तेथील गृहस्थ स्वभावानें गोड, पण आठवड्यांतले दोन-तीन दिवस स्वतःच्या शेतावर असत. आमचा निरोप पोंचला कीं टोपी घालून वर्गांत हजर. सात-आठ वर्षांत ते एकदांहि सांपडले नाहींत. त्या गांवचीं मुलें पांचवीला आमच्याकडे येत. एका वर्षीं एक मुलगा आला, त्याला जोडाक्षर वाचतां येत नव्हतें. शेवटच्या बांकावर बसे, विचारलें कीं मान खालीं घाली. मीं त्याच्यावर चिडलोंहि. दिवाळीनंतर तो शाळेंत आला नाहीं. पुढें म्हशींमागें दिसला आणि मला पाहून बांधाआड झाला. त्या मुलाला कोणी सायकल पाठविली नव्हती. साहेब न सांगतां आले असते, तर ते त्याच्यासाठींच आले असते, हें मला तेव्हां सुचलें नाहीं. मास्तरांची नोकरी वांचली एवढेंच मला दिसत होतें.

कोयनानगर सोडल्यावर थोड्याच वेळांत कुंभार्ली घाट सुरू होतो. माथ्यावरून एकदम कोंकण दिसतें: खालीं निळसर धुकें, त्यांतून वर आलेले डोंगरांचे सोंड, आणि हवेंत ओलसर वास. वळणें अशीं कीं पुढची गाडी अंगावर आल्याखेरीज दिसूं नये. तिसऱ्या-चौथ्या वळणावर खालून चढणाऱ्या एस. टी.नें दिवे मिचकावले. "घाटांत कुठले पोलीस?" म्हणत पुतण्यानें वेग कमी केला. वळणापलीकडे एक मालमोटार चाक निखळून आडवी झाली होती, मागें चार दगड आणि हिरवी फांदी टाकलेली. ताशीं ८० च्या वेगानें मोटार एका सेकंदांत सुमारें २२ मीटर जाते, आणि वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यावरचें अंतर चौपट होतें, हें गणित मीं कितीदां फळ्यावर मांडलें असेल! पुतण्यानें त्या फांदीकडे पाहिलें, आणि चिपळूण येईपर्यंत खालून येणाऱ्या एकाहि गाडीला विसरला नाहीं. त्याबद्दल मागून एक अक्षर उमटलें नाहीं.

गुहागरला दोन दिवस राहिलों. अभिषेक, समुद्र, सोलकढी. मंगळवारीं परत निघालों तों पाटणच्या अलीकडे पांच वाजत आले होते. तो वड मीं लांबूनच ओळखला. खालीं कोणी नव्हतें. पण वडाच्या पुढें पन्नास पावलांवर रस्त्याला लागून एक शाळा होती. कौलारू, पिंवळ्या भिंतींची, फाटक थेट डांबरावर उघडणारें. जातांना रविवार होता, अंगण रिकामें होतें, आणि आम्हां सर्वांचे डोळे पोलिसांवर होते. तरी तीस वर्षें शाळेंत काढलेल्या माणसाला शाळा दिसूं नये, याची मला त्या क्षणीं अतिशय लाज वाटली. शाळा नुकतीच सुटली होती. दप्तरें पाठीवर घेऊन मुलें रस्त्याच्या कडेला उभीं होतीं, कांहीं पलीकडे गेलीं होतीं, कांहीं निम्म्यांत होतीं.

पुतण्यानें गाडी थांबविली. सरळ पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एक मोटार दिसत होती, भरधांव. त्यानें दिवे मिचकावले. एकदां नव्हे, तीनदां. ती मोटार मंदावली. शाळेजवळून जातांना तिचा चालक मान वळवून वडाखालीं पोलीस शोधीत होता.

"आजोबा," नात म्हणाली, "हें खोटें बोलणें झालें का हो?"

एक लहान मुलगी मागें राहिली होती. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता; ती चप्पल हातांत घेऊन ती रस्ता ओलांडीपर्यंत आम्ही थांबलों.