स्वरांकित संहितेची अक्षरजुळणी

ऋग्वेदाच्या मुद्रित संहितेत अक्षराखाली दिसणारी आडवी रेघ अनुदात्ताची, अक्षराच्या माथ्यावरची उभी रेघ स्वरिताची, आणि ज्या उदात्तावर साऱ्या पदाचा स्वर तोललेला असतो त्याला मात्र कोणतेच चिन्ह नाही. ही व्यवस्था मनात पक्की बसल्यावाचून वेदसंहिता संगणकावर जुळवण्याच्या विद्येत कोणाचाही प्रवेश होत नाही, असे या कामात दीर्घकाळ घालवल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे. शिकावयास येणारे तरुण बहुधा प्रथम आज्ञावलीची माहितीपुस्तिका मागतात. मी त्यांना आधी दोन पदे जुळवावयास देतो. 'अ॒ग्निः' हे अंतोदात्त, म्हणून त्याच्या पहिल्या अक्षराखाली रेघ आणि दुसरे मोकळे. 'इन्द्रः' हे आद्युदात्त, म्हणून पहिले मोकळे आणि दुसऱ्याच्या माथ्यावर उभी रेघ. परंतु मोकळे अक्षर दर वेळी उदात्तच असते असेही नाही. स्वरितामागून येणारी मोकळी अक्षरे प्रचयाची, एकश्रुतीने म्हणावयाची. डोळ्यांना दोन्ही सारखीच, आणि त्यांतला भेद केवळ शेजारच्या चिन्हावरून ओळखावयाचा.

खिळ्यांच्या काळात हे ज्ञान जुळाऱ्याच्या हातात उतरलेले असे. मॅक्स म्यूलरची सायणभाष्यासहित संहिता १८४९ ते १८७४ या काळात निघाली. पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने १९३३ पासून पुढे आपली आवृत्ती काढली. पंडित सातवळेकरांच्या स्वाध्याय मंडळाने अनेक शाखांच्या संहिता सामान्य वाचकाच्या घरी पोहोचवल्या. ती पाने आज भिंगाखाली धरली म्हणजे उकारापाशी आणि उभ्या जोडाक्षरांपाशी आडव्या रेघेसाठी केलेली तजवीज पाहून त्या अनाम कारागिरांविषयी मनात आदर दाटून येतो.

संगणकावर हीच तजवीज फाँट करणाऱ्याला आधीच करून ठेवावी लागते. डोनाल्ड क्नूथ यांच्या 'टेक्' या अक्षरजुळणीच्या प्रणालीत देवनागरीची सोय १९९१ मध्ये फ्रान्स वेल्टहाउस यांनी केली, पुढे जोनाथन क्यू यांच्या 'झीटेक्'मुळे युनिकोडमधील मजकूर थेट जुळवता येऊ लागला, आणि २००९ साली युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत वैदिक चिन्हांचा स्वतंत्र विभाग दाखल झाला. राज्य मराठी विकास संस्थेच्या 'यशोमुद्रा'वरून मुंबईच्या आयआयटीत सिद्ध झालेला 'शोभिका' हा फाँट स्वरचिन्हांसह विनामूल्य मिळतो, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने मोठीच मिळकत आहे. एवढे असूनही चिन्हांचा क्रम पाळावाच लागतो. 'इन्द्रः' या पदातील स्वरिताची रेघ विसर्गाच्या आधी टंकावी की नंतर, हे फाँटनुसार आणि आज्ञावलीनुसार बदलते, आणि क्रम बिघडला की अक्षराशेजारी ठिपक्यांचे एक पोरके वर्तुळ उमटते.

खरी परीक्षा कंपाची. 'अप्सु' आणि 'अन्तः' यांचा संधी होताना उत्पन्न झालेल्या स्वरितापाठोपाठ लगेच उदात्त येतो, तेथे वैदिकांचा आवाज हेलकावतो, आणि तो हेलकावा दाखवण्यासाठी पदाच्या मध्यभागी अंक घालावा लागतो: 'अ॒प्स्व१॒॑न्तः'. ऱ्हस्व स्वर असेल तर एकाचा अंक, दीर्घ असेल तर तिनाचा, आणि त्या अंकाच्या माथ्यावर उभी व पायाशी आडवी अशा दोन्ही रेघा. अंकाला स्वरचिन्ह वाहावे लागेल ही कल्पनाच काही जुन्या आज्ञावल्यांना नसल्यामुळे त्या येथे हटकून अडतात. अंक, मग आडवी रेघ, मग उभी, हा क्रम मी विद्यार्थ्याकडून हात बसेपर्यंत गिरवून घेतो.

शाखा बदलली की सारा कायदाच बदलतो. मैत्रायणी संहितेत तीच उभी रेघ उदात्ताची होते आणि शतपथ ब्राह्मणात उदात्ताची खूण अक्षराखालच्या आडव्या रेघेने होते. यंत्राला केवळ आकृती कळते. म्हणूनच छापील पानावरून रेघा पाहून त्या जशाच्या तशा टंकण्याची पद्धत मला मान्य नाही. माझा परिपाठ असा की मूळ मजकुरात प्रत्येक पदाचा उदात्त आणि स्वतंत्र स्वरित एवढेच खुणेने नोंदवावेत आणि रेघा नियमांच्या आधारे यंत्राकडून काढून घ्याव्यात: उदात्तापूर्वीच्या अक्षराखाली आडवी, उदात्तानंतरच्या अक्षरावर उभी, पण त्याच्याही पुढे पुन्हा उदात्त किंवा स्वतंत्र स्वरित येत असेल तर ती उभी रेघ रद्द होऊन आडवी, आणि अर्धर्चाच्या आरंभी उदात्त येण्यापूर्वी जितकी अनुदात्त अक्षरे असतील तितक्या सर्वांखाली आडवी. अशा रीतीने निघालेल्या रेघांची छापील प्रतीशी रुजवात घातली म्हणजे जेथे फरक पडतो तेथे टंकलेखनातला दोष निघतो, क्वचित जुन्या छापातला. आणि दोन्ही नसतील तर आपल्याला ठाऊक नसलेला एखादा नियम तेथे दडलेला असतो. त्याकरिता शौनकाचे ऋक्प्रातिशाख्य उघडावे आणि एखाद्या घनपाठी वैदिकाकडून ती ऋचा म्हणवून घ्यावी. या तिसऱ्या प्रकारच्या फरकांनी मला जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही माहितीपुस्तिकेने शिकवले नाही.

सामवेदाचे प्रकरण निराळे. त्याच्या संहितेत रेघांऐवजी अक्षरांच्या डोक्यावर एक, दोन, तीन हे अंक येतात, कोठे अंकांसोबत 'र', 'उ', 'क' ही अक्षरेही, आणि त्यांच्यासाठी युनिकोडमध्ये २००९ सालीच स्वतंत्र जागा मुक्रर झाली आहे. संहितेपुरते वरील पद्धतीने निभावते. गानग्रंथांत मात्र अंक अक्षरांच्या माथ्यावर तसे ओळीच्या मध्येही येतात, आणि त्यांतील प्रत्येक अंक परंपरेने ठरलेल्या चालीवर अवलंबून असल्यामुळे तो नियमांतून काढण्याचा मार्ग मला अद्याप सापडलेला नाही. तूर्त ते अंक मी एकेक करून हाताने बसवतो आणि मुद्रिते सामगायकापुढे ठेवून, त्यांचे बोट पानावर फिरत असता, त्यांच्या मुखातून ऐकत तपासतो.