वाढत्या अंगाचा ग्लव्ह

आमच्याकडे जून महिन्यात गणवेश शिवायला टाकताना शिंप्याला आवर्जून सांगतात, खाली चांगली दोन बोटं दुमड ठेव. बूट एक नंबर मोठे घ्यायचे आणि पुढे कापूस कोंबायचा. पोर वाढत्या अंगाचं, वस्तूही वाढत्या अंगाची. हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या बरोबर ठरलाय. सॉफ्टबॉलचा ग्लव्ह मात्र त्यात बसत नाही. मुक्ताईनगरला मुलामुलींना सॉफ्टबॉल शिकवताना पालकांशी माझी सगळ्यात जास्त हुज्जत होते ती यावरूनच. सरावाची वेळ, बॅट, उन्हातान्हात धावणं, यावर कोणी फारसं बोलत नाही.

"सर, जरा मोठाच सांगा. दहावीपर्यंत पुरला पाहिजे."

सहावीतल्या पोरीचे वडील हे म्हणतात तेव्हा त्यांना कंजूष समजायचं कारण नाही. केळीचे घड कापले गेले किंवा कापूस विकला गेला की हातात पैसा येतो. त्यातून खेळासाठी काढणं म्हणजे दुसरं काहीतरी मागे ठेवणं. पूर्वी तेवढंही निघत नसे. आता शालेय स्पर्धा जिल्ह्याहून नाशिक विभागाला आणि तिथून राज्याला जातात, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, हे घरोघरी ठाऊक झालंय. म्हणून वडील दुकानात यायला तयार होतात. आणि तयार होतात म्हणूनच 13 इंची ग्लव्हवर बोट ठेवतात.

13 इंची ग्लव्ह सहावीतल्या हातात घातला की काय होतं ते मैदानावर दहा मिनिटांत दिसतं. चेंडू नीट आत येतो, पण पंजा मिटत नाही. बोटांत तेवढा जोरच नसतो. चेंडू लागतो, उसळतो, खाली पडतो. मग ती दुसरा हात आधाराला आणते, चेंडू त्या उघड्या बोटांवर बसतो. त्यानंतर ती चेंडू येताना मान फिरवायला लागते. पोरगी चेंडूला घाबरते, असं सगळे म्हणायला लागतात. पोरगी घाबरट नसते, ग्लव्ह मोठा असतो. एकदा फिरलेली मान पुन्हा सरळ करायला मात्र पुढे अख्खा हंगाम जातो.

नाव सॉफ्टबॉल असलं तरी चेंडूत मऊ काही नाही. क्रिकेटचा चेंडू साधारण 160 ग्रॅमचा आणि जेमतेम 23 सेंटिमीटर घेराचा. हा 178 ते 198 ग्रॅमचा आणि 12 इंच, म्हणजे साडेतीस सेंटिमीटर घेराचा. 1887 मध्ये शिकागोत हा खेळ बंद खोलीत सुरू झाला तेव्हा चेंडू म्हणून बांधलेला बॉक्सिंग ग्लव्ह वापरला होता म्हणतात. त्या शहरात आजही 16 इंची मोठ्या मऊ चेंडूने सॉफ्टबॉल खेळतात आणि तो उघड्या हातांनी झेलतात. आपल्याकडे आला तो 12 इंची, टणक. लहान पोरीच्या पंजात तो मावतसुद्धा नाही.

त्यात आमची पोरं येतात टेनिस बॉलच्या क्रिकेटमधून. दोन्ही हातांची ओंजळ करायची आणि चेंडूबरोबर हात मागे घ्यायचे, ही सवय अंगात भिनलेली. ती चांगलीच आहे, मी मोडत नाही. पण इथे झेलायचं एका हाताने आणि त्याच दमात फेकायचं दुसऱ्याने. बेस 60 फुटांवर. चांगली धावणारी पोरगी तीन-चार सेकंदांत पोचते. तेवढ्यात चेंडू ग्लव्हमधून निघून पहिल्या बेसवर जायला हवा. मोठ्या ग्लव्हच्या पोटात चेंडू दडला की शोधण्यातच बेस जातो.

ग्लव्हचं खरं काम अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चालतं. पहिले ग्लव्ह नुसते हातमोजेच होते, तळव्याला मार बसू नये म्हणून घातलेले. 1919 मध्ये सेंट लुईस कार्डिनल्स या बेसबॉल संघाच्या बिल डोक नावाच्या पिचरने सुचवलं की अंगठा आणि तर्जनी यांच्यात वाद्या ओवून जाळी करा. रॉलिंग्ज कंपनीने तसा ग्लव्ह काढला आणि त्या मोज्याला खिसा मिळाला. मी मुलांना हे सांगतो, कारण चेंडू तळव्यात घ्यायची त्यांची ओढ त्याशिवाय सुटत नाही. तळव्यात बसला की 'फट्‌' आवाज येतो आणि हात झिणझिणतो. जाळीच्या मुळाशी, पॉकेटमध्ये बसला की आवाज भरीव येतो आणि दुखत काहीच नाही. महिनाभरात मी पाठमोरा उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगतो, कोणी कुठे झेललाय.

त्यामुळे दुकानात गेलो की आधी टेप काढत नाही. माप तर्जनीच्या टोकापासून पॉकेटमधून खाली टाचेपर्यंत घेतात, ते नंतर बघू. आधी पोरीला म्हणतो, घाल.

"बोटं टोकापर्यंत गेली?"

"नाही सर, थोडी राहिली."

"राहू दे. आता मिटव."

इथे मी तिच्या तोंडाकडे बघतो. दात-ओठ खाऊन मिटवत असेल तर तो ग्लव्ह बाजूला. अंगठ्याची बाजू आणि करंगळीची बाजू सहज जवळ आली पाहिजे. नव्या चामड्यात ती पूर्ण टेकणार नाही, पण ग्लव्ह त्या बाजूला वाकायला राजी आहे एवढं कळतं. मग चेंडू आत ठेवून हात उलटा करायला सांगतो. तीनदा हलव. चेंडू राहिला तर पुढचं बोलायचं. मनगटाचा पट्टा शेवटच्या टोकापर्यंत ओढूनही ग्लव्ह गोल फिरत असेल तर मिटण्याची परीक्षा पास होऊनही तो नापास. शेवटी हात सरळ पुढे धरून उभं राहायचं. खांदा लवकर उतरला तर वजन जास्त आहे.

हे सगळं झाल्यावर टेप लावला तर सहावी-सातवीच्या मुलीला बहुधा 11 ते 12 इंचांच्या आतलाच ग्लव्ह निघतो. मोठ्या खेळाडूंचं वेगळं: इनफिल्डला, म्हणजे बेसच्या आसपास, साडेअकरा ते साडेबारा; आउटफिल्डला, म्हणजे मागे लांब, साडेबारा ते तेरा. या वयात जागेप्रमाणे ग्लव्ह घेण्यात मला अर्थ वाटत नाही. आज शॉर्टस्टॉपला उभी केलेली पोरगी दिवाळीनंतर सेंटर फिल्डला असते. कॅचरचा आणि पहिल्या बेसचा खास ग्लव्ह, म्हणजे मिट, हे दोन्ही शाळेच्या किटमधून वापरावेत.

माल येतो मुख्यतः मेरठ-जालंधरचा. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर तिकडे येऊन वसले आणि खेळाच्या सामानाचा धंदा तिथे वाढला. स्वस्तातला रेक्झिनचा ग्लव्ह पहिल्या दिवशी मऊ लागतो, म्हणून पोरांना आवडतो. पण त्याला पॉकेट धरत नाही आणि वर्षभरात त्याचे पोपडे निघतात. पूर्ण जाड चामड्याचा लहान हाताला मिटत नाही. माझी पसंती तळव्याला चामडं आणि पाठीला हलकं कापड किंवा रेक्झिन, अशाला. दिसायला तो गरीब दिसतो, एवढाच दोष.

नवा ग्लव्ह मऊ करायच्या तऱ्हा ऐकाव्यात. एकीच्या भावाने विचारलं होतं, "सर, ट्रॅक्टरच्या चाकाखाली ठेवू का?" नको रे बाबा. घरात एरंडेल असतंच. दोन थेंब फडक्यावर घेऊन पॉकेटला आणि वाकायच्या जागेला चोळायचे. जास्त पाजलं तर ग्लव्ह जड होतो. रात्री पॉकेटमध्ये चेंडू ठेवून सुती पट्टीने बांधायचा. बाकी काम रोजच्या झेलण्याने होतं, आणि ते जिचा ग्लव्ह तिनेच करायचं, कारण तो तिच्या हाताप्रमाणे वाकायला हवा.

मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत पडलेला ग्लव्ह शाळा उघडेपर्यंत पापड होतो, म्हणून सुटीत ग्लव्ह घरी पाठवतो. पावसात भिजला तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवायचा. चुलीजवळ नाही आणि ओला पिशवीत तर मुळीच नाही, बुरशी धरते. वादी तुटली की बसस्टँडजवळ चपला शिवणाऱ्या काकांकडे नेतो. त्यांनी सॉफ्टबॉल पाहिलेला नाही, पण वादी किती ताणायची हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

डावखुऱ्यांचा प्रश्न वेगळाच. शाळेच्या किटमधले झाडून सगळे ग्लव्ह डाव्या हातात घालायचे असतात. डावखुरी पोरगी तोच घालते, झेलते, ग्लव्ह काखेत दाबून काढते आणि मग फेकते. तोवर धावणारी पोचलेली असते. नाहीतर निमूटपणे उजव्या हाताने फेकायला लागते आणि तिचा चांगला हात वाया जातो. शाळेकडे पैसे असतील तेव्हा पहिला नवा ग्लव्ह अशा पोरीसाठी मागवावा. मागवताना मी 'उजव्या हातात घालायचा, डाव्याने फेकणारीसाठी' असं सगळं लिहून देतो. नुसतं 'लेफ्ट हँड' लिहिलं तर आधीच ढिगाने आहेत तेच येतात.

राहिला दहावीपर्यंत पुरण्याचा मुद्दा. आठवीत हात मोठा होतो, ग्लव्ह आखूड पडतो, हे खरंच. पण तोवर तो चांगला मुरलेला असतो, आणि पाचवी-सहावीच्या हाताला मुरलेल्या ग्लव्हइतकं सोयीचं काही नाही. नव्यापेक्षा तो लवकर मिटतो. म्हणून आठवीची पोरगी मोठा घेते तेव्हा तिचा जुना मी धाकट्या बहिणीकडे, नाहीतर गल्लीतल्या दुसऱ्या कोणाकडे अर्ध्या किमतीत लावून देतो आणि ते पैसे नव्यात घालतो. वडिलांना हे गणित कागदावर मांडून दाखवलं की पटतं. आजीला पटत नाही. तिचं म्हणणं, एवढं करण्यापेक्षा पहिल्यांदाच मोठा घेतला असता तर?