हाताने केलेली रुजुवात

लेगोच्या एकाच रंगाच्या सहा विटा, प्रत्येकीवर दोन रांगांत मिळून आठ स्टड असलेल्या, एकमेकींत गुंतवण्याचे ९१,५१,०३,७६५ प्रकार संभवतात, हे गणितज्ञांनी संगणकाकरवी मोजून ठेवलेले असल्यामुळे या छंदाविषयी कोणी लिहावयास बसला की हा आकडा प्रथम पुढे येतो. तो विस्मयकारक आहे यात शंका नाही. परंतु वर्षानुवर्षे या विटा हाताळल्यानंतर मला अधिक विस्मय वाटतो तो त्यांच्या सारखेपणाचा. डेन्मार्कमधील बिलुंड गावच्या गॉटफ्रेड कीर्क क्रिस्तियान्सन यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी ज्या जोडणीच्या स्वामित्वहक्कासाठी अर्ज गुदरला – विटेच्या माथ्यावर स्टड आणि पोटात नळ्या – तिची मापे अद्याप बदललेली नाहीत. दोन स्टडच्या मध्यबिंदूंमधील अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६, आणि प्लेट म्हणून जो पातळ तुकडा असतो त्याची ३.२, म्हणजे तीन प्लेट एकावर एक रचल्या की एक वीट होते, आणि पाच प्लेट आडव्या पाडल्या की बरोबर दोन स्टडची रुंदी भरते. या अंकगणितावर आमचा सगळा प्रपंच उभा आहे. साठ वर्षांपूर्वीची वीट आज घेतलेल्या विटेवर बसते, आणि माझ्या टेबलावरची वीट ओसाका किंवा ओस्लो येथील एखाद्या अनोळखी छांदिष्टाच्या टेबलावरच्या विटेहून केसभरही निराळी नसते.

या सारखेपणाचा एक परिणाम असा की, आमच्या छंदात दुसऱ्याच्या कृतीविषयी बोलण्याला एक विलक्षण स्वरूप प्राप्त झाले आहे. चित्रकाराच्या कुंचल्याच्या फटकाऱ्याविषयी किंवा गवयाने घेतलेल्या एखाद्या जागेविषयी आपण कितीही सूक्ष्म विवेचन केले, तरी तो फटकारा वा ती जागा आपल्या हाती नसते. आपले बोलणे रसिकतेच्या प्रांतात राहते, आणि तेथे ते शोभतेही. उलट कोणी आपल्या रचनेच्या छायाचित्रावर असा शेरा मारला की, ‘कमानीचा हा दगड प्लेटऐवजी आडव्या विटेने साधला तर फट मिटेल’, तर त्या शेऱ्याची रुजुवात स्वतःच्या हाताने पाच मिनिटांत करता येते: डब्यातून तेच दोन तुकडे काढावे, जोडून पाहावे, आणि हरकत ग्राह्य की अग्राह्य याचा निकाल तेथल्या तेथे लावावा. नकाशाबरहुकूम न बांधता स्वतःच्या कल्पनेने उभारलेल्या रचनेला आम्ही मंडळी ‘मॉक’ म्हणतो. आणि मॉक दाखवणे व त्यावर बोलणे या दोन गोष्टींनी मला जेवढे शिकवले तेवढे बांधण्याच्या एकांताने शिकवले नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

प्रदर्शनात टेबलामागे उभे राहिले म्हणजे येणारा-जाणारा तीनच प्रश्न विचारतो: तुकडे किती लागले, दिवस किती लागले, आणि हे चिकटवले आहे काय. नवीन छांदिष्टांना या प्रश्नांचा कंटाळा येतो, परंतु मला तो कधीच आला नाही. कारण तिसरा प्रश्न विचारणारा मनुष्य नकळत जोडणीचाच विचार करू लागलेला असतो. त्याला सांगावे की येथे सरस नाही, रंग नाही, तुकडा कापलेला नाही; आणि सांगता सांगता छप्पर उचलून आतली बाजू दाखवावी. पुष्कळदा तो पाहणारा वाकून आत पाहतो आणि चौथा प्रश्न विचारतो, जो यादीत नसतो, आणि तेथून खरे संभाषण सुरू होते. एका मुलाने मला विचारले होते, “काका, ही भिंत आतून पोकळ आहे, मग वरचा मजला कशावर उभा आहे?” असा प्रश्न विचारता येणे ही पारखच होय, आणि तिला वयाची अट नाही.

दुसऱ्याची रचना पाहण्याची माझी एक ठरलेली रीत आहे. प्रथम ती दुरून, डोळे किंचित मिटून पाहावी, म्हणजे केवळ आकार आणि रंगांचे थर उरतात; मग स्टड कोणत्या दिशेला तोंड करून आहेत ते शोधावे. जेथे स्टड वर नसून बाजूला किंवा खाली वळलेले असतात, तेथे बांधणाऱ्याने काहीतरी निर्णय घेतलेला असतो, आणि तो निर्णय का घेतला हे समजले म्हणजे पुढचे सगळे उलगडते. मोटारीच्या दिव्यासाठी म्हणून जी एका स्टडची खाचदार वीट निघाली, तिने कुशीवरच्या बांधणीचे दार उघडले; आज एखाद्या मंदिराच्या शिखरात किंवा जहाजाच्या कण्यात ती कोठे दडली असेल हे अनुभवी डोळा छायाचित्रावरून ओळखतो. यानंतर मनातल्या मनात ती रचना उतरवत जावे, तुकड्यामागून तुकडा, जोवर एखादा सांधा असा लागत नाही की जो आपल्याला सोडवता येत नाही. त्या सांध्याविषयी लिहावे. ‘अप्रतिम’, ‘सुंदर’ एवढेच लिहून पुढे जाण्यात शिष्टाचार पाळला जातो, नाही असे नाही. परंतु ज्याने महिनोगणती खपून एक कोपरा जुळवला आहे, त्याला तो कोपरा कोणाच्या तरी नजरेस पडला हे कळले पाहिजे. आमच्यात तुकड्याच्या अनपेक्षित उपयोगाचे विशेष कौतुक होते. क्रोसाँ नावाच्या फ्रेंच पावाचा चिमुकला तुकडा पांढऱ्या रंगात मिळतो, आणि तो एखाद्या युरोपीय इमारतीच्या कंगोऱ्यावर नक्षी म्हणून बसला की पाहणाऱ्यांना फार आनंद होतो. तो मलाही होतो. मात्र ही चमत्कृती रचनेची सेवा करते की रचनाच तिच्यासाठी राबते आहे, हे पाहणे टीकाकाराचे काम आहे, आणि ते त्याने संकोच न करता केले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मी राजापूरकडच्या एका कौलारू घराची रचना केली. जांभ्याच्या चिऱ्यांसाठी दगडी सांध्यांची रेघ असलेल्या विटा, जोत्यासाठी करड्या, पुढे पडवी, मग ओटी आणि माजघर. माणसे अर्थात लेगोचीच, सुमारे चार सेंटिमीटर उंचीची, आणि घराचे प्रमाण त्यांच्याच बेताचे. छप्पर बिजागऱ्यांवर कलते ठेवून मध्ये आढ्यापाशी नुसते टेकवावे ही प्रचलित रीत मी अवलंबिली होती, आणि ती वाईट नाही. छायाचित्रे पाहून जर्मनीतल्या एका छांदिष्टाने, ज्याचा आणि माझा तोवर काहीही परिचय नव्हता, केवळ तीन आकडे लिहून पाठवले: ६, ८, १०. मी ते वाचले आणि त्याच रात्री टेबलाशी बसलो. बिजागरीच्या आसापासून मोजले असता आडवी धाव ८ स्टड, म्हणजे ६४ मिलिमीटर. उभी चढण ५ विटा, म्हणजे ४८ मिलिमीटर, आणि हे स्टडच्या हिशेबात बरोबर ६ भरतात. मग उतरती बाजू, पायथागोरसच्या सिद्धांतानुसार, नेमकी १० स्टड, म्हणजे ८० मिलिमीटर. छप्पर आढ्यापाशी टेकवण्याची गरजच उरत नाही, ते दोन्ही टोकांना रीतसर जोडले जाते. उतार सुमारे ३७ अंशांचा पडतो, कोकणातल्या कौलांना शोभेल असा. तीन आकड्यांत सबंध छपराचा खुलासा करणारा तो शेरा मी आजवर मिळालेल्या शेऱ्यांत अव्वल मानतो. त्यात माझी स्तुती नव्हती, दोषदिग्दर्शनही नव्हते. माझा प्रश्न मात्र त्याने माझ्या आधी ओळखला होता.

त्याच घरावर नॉर्वेतल्या एका बाईंनी निराळाच प्रश्न केला. पडवीची वळचण इतकी खाली का आणली, की माणसाचे डोके तिला जवळजवळ लागते? त्यांच्याकडे छपराचा विचार बर्फाच्या भाराने होतो, तेव्हा हा प्रश्न त्यांना पडणे स्वाभाविक होते. मी त्यांना सविस्तर लिहिले: आमच्याकडचा पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो, झड ओटीवर आणि चिऱ्यांच्या भिंतींवर येऊ नये म्हणून छप्पर माणसाच्या सोयीपेक्षाही खाली उतरते, आणि पागोळ्या जोत्यापासून दूर पडतात. लिहिताना माझ्या ध्यानात आले की बांधताना यातले काहीच मी विचारात घेतले नव्हते. लहानपणापासून वाकून ज्या वळचणीखालून आत गेलो ती हाताने आपसूक तेथे आणली. हे त्या बाईंच्या प्रश्नावाचून मला कळले नसते. तेव्हापासून ज्या प्रदेशाची मला माहिती नाही तेथील घर, होडी किंवा देऊळ कोणी बांधलेले पाहिले, की मी सूचना करण्याआधी प्रश्न विचारतो.

सूचना करणाऱ्याने तुकड्यांची उपलब्धताही लक्षात ठेवली पाहिजे. प्रत्येक तुकडा प्रत्येक रंगात निघत नाही. काही रंग दोन-चार संचांपुरतेच येऊन जातात, आणि मग जुन्या तुकड्यांच्या बाजारात त्यांचे मोल वाढते. डॅन जेझेक यांनी २००० साली ब्रिकलिंक ही पेठ उभारली तेव्हापासून जगातले सुटे तुकडे मिळण्याची सोय झाली खरी, परंतु आपल्याकडे खेळण्यांवरील आयात जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ साली ७० टक्के झाली. अशा स्थितीत नागपूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला ‘हे छप्पर गडद नारिंगीत हवे होते’ असे सांगणे सोपे, आणि निरुपयोगी. त्याच्याजवळ असलेल्या मालमसाल्यातच अधिक चांगले काय होऊ शकेल, हे सांगणाऱ्याला अधिक श्रम पडतात. ते त्याने घ्यावेत.

एका वादाचा उल्लेख येथे केला पाहिजे. प्लेट दोन स्टडच्या फटीत उभी दडपून बसवली तर ती बसते, आणि दिसतेही सुबक; परंतु तुकड्यांवर ताण येतो, म्हणून कंपनीचे रचनाकार अशी जोडणी ग्राह्य धरत नाहीत, आणि छांदिष्टांच्या बोलीत तिला ‘बेकायदा’ म्हणतात. जेमी बेरार्ड, जे स्वतः छांदिष्टांमधून कंपनीच्या सेवेत गेले आणि २००७ सालच्या ‘कॅफे कॉर्नर’ या इमारतीचे रचनाकार झाले, त्यांनी २००६ साली या ताणाचे मुद्देसूद विवेचन छांदिष्टांच्या मेळाव्यात केले होते. काहीजण तेवढ्यावरून दुसऱ्याच्या मॉकची झडती घेऊ लागतात. मला ते पसंत नाही. कंपनीचा संच लाखो मुलांच्या हातात जायचा असतो, मॉक एकाच टेबलावर राहायचा असतो. तथापि तुकडा वाकत असेल, कालांतराने तडकणार असेल, तर तसे सांगणे हे त्या तुकड्याविषयीचे कर्तव्य आहे, आणि जपून वापरणाऱ्याला ते सांगितलेले आवडते असाच माझा अनुभव आहे.

ऋणनिर्देशाच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. एखादी युक्ती दुसऱ्याच्या रचनेत पाहून घेतली तर छायाचित्राखाली त्याचे नाव घालावे, हा आमच्यातला अलिखित दस्तूर. तो मोडला तर दाखवण्याची प्रथाच आटेल, कारण आतली बाजू उघडी करून दाखवणारा मनुष्य विश्वासावर दाखवत असतो. या विटेचा इतिहासही हेच सांगतो. ब्रिटिश खेळणीकार हिलरी फिशर पेज यांनी १९४७ साली किडिक्राफ्टच्या नावाने एकमेकींत बसणाऱ्या विटा काढल्या, त्यांच्या नमुन्यावरून बिलुंडच्या विटा १९४९ साली सुरू झाल्या. पोटातली नळी नंतरची, आणि पकड तिची. आधीच्याचा वाटा कोठवर आणि नंतरच्याचा कोठून, हे इतके स्पष्ट दाखवता येते म्हणूनच ते न दाखवण्याला सबब उरत नाही. जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ साली एलड्रॉ ही संगणकावर विटा रचण्याची प्रणाली तयार करून सर्वांना मोफत दिली आणि दोनच वर्षांत तो निवर्तला. आज आपल्या रचनेचा पायरीवार नकाशा दुसऱ्याच्या हाती देणारा प्रत्येकजण, त्याला ठाऊक असो वा नसो, त्याने घातलेल्या वाटेने चालतो. संगणकावरच्या रचनेला गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून ती तशी आहे हे आधी नमूद करावे, एवढीच माझी अपेक्षा असते. एरवी तिच्याविषयी मला काडीचाही दुजाभाव नाही.

गेल्या महिन्यात माझ्या कोकणी घराच्या छपराचा नकाशा मागून घेऊन पोर्तुगालमधल्या एका छांदिष्टाने स्वतःचे चौपाखी घर बांधले, आणि खाली माझे नाव घालून त्याच्या वर त्या जर्मन माणसाचेही घातले, कारण नकाशात मी ते लिहिले होते. चौपाखी छपरात दोन उतार जेथे कोपऱ्यावर भेटतात ती तिरकी फट झाकणे फार कठीण. त्याने लवचीक नळीत लहान गोल विटा, ज्यांच्या स्टडला आरपार भोक असते, मण्यांसारख्या ओवून ती नळी त्या फटीवर निजवली आहे, आणि दुरून पाहता ती हुबेहूब कोन्यांची रांग दिसते. नळीचे खालचे टोक त्याने कशात अडकवले आहे ते छायाचित्रात कळत नाही. मी त्याला तसे विचारले आहे, आणि उत्तर येईतो माझ्या छपराची पूर्वेकडची बाजू उतरवून क्लिपचे तीन प्रकार एकामागून एक लावून पाहतो आहे. त्यांतला दुसरा जवळपास बसतो.