पास झालेलं स्टील

मेटलर्जीची मुलं म्हणजे लोखंड तोडणारी, असा बाकीच्या ब्रँचेसचा समज. पण आमच्या एका टेस्टमध्ये स्टील तुटतंय का, याची नुसती वाट बघायची असते. तीही ७२० तास, म्हणजे मोजून तीस दिवस!

ट्रेनिंगच्या वेळी एका लॅबमध्ये ही ‘सल्फाइड स्ट्रेस क्रॅकिंग’ टेस्ट जवळून पाहिली. तेल-वायूच्या विहिरींतून कधीकधी हायड्रोजन सल्फाइडही येतो. तोच तो कुजक्या अंड्यांचा वास. आपल्या वसईचं नाव लावणाऱ्या, समुद्रातल्या बसीन क्षेत्रातला गॅस असाच. तो हजिऱ्याला नेऊन शुद्ध करतात. पाण्याची सोबत मिळाली की हा वायू स्टील गंजवतो. त्यात सुटणाऱ्या हायड्रोजनच्या अणूंना तो जोडी जमवून बुडबुडा होऊ देत नाही, मग ते सरळ स्टीलमध्ये शिरतात. ताणाखालचं कडक स्टील काही इशारा न देता तडकतं.

टेस्टची कृती मेसच्या वरणापेक्षा सोपी. पाण्यात ५ टक्के मीठ, अर्धा टक्का ॲसेटिक ॲसिड. नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हाकलायचा, मग हायड्रोजन सल्फाइड सोडायचा. ‘नेस टीएम ०१७७’च्या या ‘ए’ सोल्यूशनचा पीएच सुरुवातीला २.७च्या आसपास हवा आणि शेवटी ४च्या वर जाता कामा नये. खरी मेख इथेच आहे. गंजताना स्टील ॲसिड खातं, त्यामुळे पीएच आपोआप चढतो. २.७ आणि ४ हे आकडे जवळचे वाटतात, पण तेवढ्यात हायड्रोजन आयन जवळजवळ वीसपट कमी होतात.

तिथे तिसाव्या दिवशी एक नमुना अखंड निघाला. सगळे खूश. तिथल्या सरांनी शांतपणे पीएच मोजला : ४.३. नोंदवहीत लिहिलं, ‘टेस्ट रद्द’. नमुन्याच्या पृष्ठभागाच्या मानाने द्रावण कमी पडलं होतं.

मी म्हटलं, “सर, पण तुटला नाही ना?”

सर म्हणाले, “अरे, त्यानं पेपर सोडवला की पेपरच सोपा झाला, हे कसं कळणार?”

तिकडे कस्टमरचे फोन सुरू होते. वहीत ३.९ लिहिलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण उद्या त्याच स्टीलचा पाइप विहिरीत उतरला असता आणि तिथलं ॲसिड काही सोपा पेपर काढत नाही.

दुसऱ्या दिवशी नवं द्रावण, नवा नमुना, पुन्हा तीस दिवस. मित्रांनो, प्रॅक्टिकलचं रीडिंग ‘ॲडजस्ट’ करताना हात जरा थांबला, तर समजा की पीएच अजून ४च्या खाली आहे!